मिनिटाला दोन फेऱ्या जास्त

३ फेब्रुवारी

ठमे,

बारा वर्षांनी तुझं कार्ड आलं आणि मी ते रद्दीत सारून दिलं. अक्षर ओळखलं नाही म्हणून नव्हे, ओळखलं म्हणून. तुझ्या वहिनीनं ते रद्दीतून उपसलं, चष्म्यासकट माझ्यापुढे आदळलं आणि म्हणाली, "उघडं कार्ड आहे. मी वाचलंय. आता तुम्ही वाचा." तिच्यापुढे कुणाचं काही चालत नाही, हे तुला सांगायला नको.

वाचलं. पाच ओळी, आणि त्यात ‘कसा आहेस’ नाही. बरोबर आहे तुझं. तुझ्या जागी मी असतो तर पाचही लिहिल्या नसत्या. भाची गाण्याच्या शाळेत लागली हे वाचून मी दुकानातल्या दोघा कारागिरांना चहा पाजला, कारण विचारलं तर सांगितलं नाही. तिला आजोबांचा रेकॉर्ड प्लेअर हवाय. ‘चालत असेल तर पाठव, नसेल तर तसं कळव.’ आणि जागा उरली नव्हती म्हणून कडेला उभी लिहिलेली ती ओळ: ‘तिच्या बाई म्हणतात कान फार चांगला आहे. माझ्यावर गेली नाही, नशीब.’

त्या ओळीबद्दल आज काही लिहीत नाही.

प्लेअर आहे. जसाच्या तसा आहे. लाकडी पेटीला एक ओरखडा नाही, झाकणाची बिजागरी मी दोनदा बदलली. वीज कमी करायचा तो लोखंडी खोकाही शेजारी आहे, ज्याच्यावर बाबा रोज सकाळी फडकं मारायचे आणि म्हणायचे, "आधी खोका, मग प्लेअर. विसरलात तर याद राखा." सगळं आहे. फक्त मोटर थकलीय. दहा मिनिटं नीट चालते, मग तापते आणि घूं घूं करायला लागते. अशी मोटर भाचीला पाठवणं मला बरं वाटत नाही. मिक्सर, पंखे, पाण्याचे पंप यांच्या मोटरी बांधून मी जन्मभर पोट भरलं, आणि घरातल्या एका मोटरीला माझा हात लागत नाही. हस हवं तर.

ही बांधून चालणार नाही. कंपनीची मूळ मोटर मिळवतो आणि मग पाठवतो. तीन आठवडे दे.

दादा


१२ फेब्रुवारी

ठमे,

तू उत्तर दिलं नाहीस म्हणजे तीन आठवडे मंजूर, असं मी धरून चाललो आहे.

मोटर शोधणं म्हणजे काय ते ऐक. ती कंपनी बुडून पंचवीस वर्षं झाली. तिचा माल आणणाऱ्यांचं ऑफिस होतं, तिथं आता केस कापायचं दुकान आहे. मी आत जाऊन मोटरीचं विचारलं तर त्या माणसानं मला खुर्चीत बसवलं आणि मानेला पांढरं फडकं बांधलं. कापून घेतले. दुसरं काय करणार?

मग जुन्या सामानाच्या बाजारात गेलो. तिथं धुलाईयंत्राच्या मोटरी ढिगानं, आपल्यासारखी एक नाही. एकानं छातीठोकपणे सांगितलं, "काका, हीच ती." पिठाच्या गिरणीला लावली असती तर गिरणी चालली असती, एवढी मोठी. दुसऱ्या एकानं फोनवर कबूल करून पार्सलनं पाठवली, उघडून बघतो तर मिक्सरची. माझ्याच दुकानात तसल्या चाळीस पडल्यात. वहिनी म्हणते, एवढा जीव टाकून मला कधी काही शोधून आणलं नाहीत. तिचंही खरं आहे.

तू म्हणशील, कुठलीही बसव की, फिरल्याशी मतलब. नाही ठमे. कुठलीही चालत नाही. ह्या मोटरीच्या दांड्यावर एक पितळी टोपी असते, बोटाच्या पेराएवढी. तिच्यावरून पट्टा जातो आणि रेकॉर्ड ठेवायची तबकडी फिरवतो. टोपीची जाडी ठरलेली असते. फिरल्याशी मतलब नसतो, किती फिरते त्याच्याशी असतो.

अगदी आपल्यासारखा प्लेअर मी एका ठिकाणी पाहिला होता, फार वर्षांपूर्वी. तीच कंपनी, तोच नंबर. पण तो आता असेल की नाही कोण जाणे, आणि तिकडे जायला मला वेळ होत नाही. दुकानात कामाचा ढीग पडलाय.

तुझ्या घराचे जिने किती आहेत ते कळव. पेटी जड आहे, पाठवताना माणसं सांगावी लागतील.

दादा


२१ फेब्रुवारी

ठमे,

एक माणूस सापडला. सगळे त्यांना रेकॉर्डवाले काका म्हणतात. वय सत्तरीच्या पुढे, दुकान एवढंसं की एक गिऱ्हाईक आत आलं तर त्यांना बाहेर यावं लागतं. भिंतीला छतापर्यंत मोडके प्लेअर. मी म्हटलं, मोटरीचं माप सांगतो. ते म्हणाले, "माप नको, यंत्र घेऊन या. मी तोंडी सांगितलेल्या आजारावर औषध देत नाही."

दोन दिवस टाळलं. मग वहिनीनंच रिक्षा बोलावली.

काकांनी प्लेअर चालू केला आणि तबकडीवर एक गोल कागद ठेवला. कागदाच्या कडेनं काळ्या-पांढऱ्या बारीक पट्ट्या. ट्यूबलाइटखाली बघायचं. वेग बरोबर असेल तर कागद फिरत असूनही पट्ट्या जागच्या जागी उभ्या दिसतात. चुकला तर पट्ट्या पळतात. मोठी गंमत आहे, भाचीला दाखवायला हवी.

आपल्या उभ्या राहिल्या नाहीत.

मी म्हटलं, "मोटर म्हातारी झालीय, काका." त्यांनी पेटी उलटी केली, चार स्क्रू काढले आणि मोटर हातात घेऊन चष्मा कपाळावर सरकवला. "ही ह्याची नाहीच. ही टेपरेकॉर्डरची आहे. आणि ही टोपी कुठल्यातरी लेथवर काढलीय. कुणी केला हा उद्योग?"

मी म्हटलं, "आधीच्या मालकानं असेल."

तुला आठवत असेल, बाबांनी प्लेअर जहाजावरच्या एका वायरलेस अधिकाऱ्याकडून घेतला होता, आई गेली त्याच वर्षी. तर ते पाप मी त्या बिचाऱ्या अधिकाऱ्याच्या माथी मारून मोकळा झालो. काका म्हणाले, "टोपी घासून वेग आणता येईल, पण मोटरीतच दम नाही. मूळची मिळाली तर बघा." मग प्लेअर पुन्हा जोडून दिला आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. तो कागदही दिला, तसाच.

घरी येऊन जेवलो नाही. वहिनीला म्हटलं, पोट बरं नाही.

दादा


४ मार्च

ठमे,

कार्ड मिळालं. ‘मोटरीचं राहू दे. तिला इथेच नवा घेऊन देते. तुझं नेहमीचंच आहे, द्यायचं नसलं की काहीतरी बिघडलेलं असतं.’

खोटं कशाला बोलू, वाचल्यावर आधी जीव भांड्यात पडला. संपलं, म्हटलं. नवा घेईल, पोरगी त्याच्यावर ऐकेल, हा प्लेअर इथेच राहील आणि माझ्याबरोबर कधीतरी भंगारात जाईल. छान झालं. वहिनीला कार्ड वाचून दाखवलं, तर ती भाजी चिरत होती ती थांबली. म्हणाली, "बाबा गेले तेव्हाही तुम्ही असंच केलं होतं. तेव्हा मी गप्प बसले, ती माझी चूक."

म्हणून हे लिहितोय.

बाबांच्या दहाव्या दिवशी आपण सगळे पुढच्या खोलीत बसलो होतो. तू म्हणालीस, "प्लेअर मी नेते. बाबांनी हॉस्पिटलात मला तसं सांगितलं होतं." मागितलंस ते एवढंच. घर नको म्हणालीस, भांडी नकोत म्हणालीस. आणि मी, आत्या-काका-शेजारी सगळ्यांदेखत काय बोललो?

"तुझ्या कानांवर कोण विश्वास ठेवणार?"

आत्या हसल्या. लहानपणापासूनची घरातली थट्टा होती ना ती, ठमीचा कान खोटा. तू उठलीस, चपला पायात घातल्यास, मुलीचा हात धरलास आणि गेलीस. लोक म्हणाले, रागात माणूस बोलून जातो. मीही तेच म्हणत आलो.

पण मी रागात नव्हतो, ठमे. मी घाबरलो होतो. आणि बाबा तसं म्हणाले होते. मी दाराशी औषधं घेऊन उभा होतो, मी पण ऐकलं होतं.

कशाला घाबरलो होतो ते लिहायला बसलो की हात दुसऱ्याच कामाला लागतात. आज सकाळपासून तीन पंखे बांधून झाले.

नवा घेऊ नकोस. मला माझ्यासाठी नाही, तुझ्यासाठी पंधरा दिवस दे. आजवर मी तुझ्यासाठी काही मागितलं नाही.

दादा


१४ मार्च

ठमे,

काल मी तुझ्या बाईंकडे गेलो होतो.

हो, त्याच. तुझी परीक्षा घेणाऱ्या, गाण्याच्या शाळेच्या, पियानोवाल्या. अगदी आपल्यासारखा प्लेअर मी पाहिला होता तो त्यांच्याकडेच, आणि वेळ होत नाही म्हणून लिहिलं ती थाप होती. वेळ होता. पाय उचलत नव्हता. जुन्या बाजारात, केस कापायच्या दुकानात, काकांकडे, सगळीकडे फिरलो, कारण मोटर कुठे आहे ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि तिथे जायचं नव्हतं.

आता पहिल्यापासून सांगतो. मधे थांबलो तर पुन्हा लिहिणार नाही.

मी एकोणीस वर्षांचा होतो. मोटर बांधायच्या दुकानात लागून चार महिने झाले होते आणि डोक्यात वारं शिरलं होतं. बाबा पंधरा दिवस कामासाठी बाहेरगावी गेले होते. तू शाळेत. प्लेअरला हात लावायची मनाई होती म्हणूनच मी त्याला तेल द्यायला उघडला. तेल दिलं, बंद केला, आणि चालू करताना खोका लावायला विसरलो. निम्म्या विजेवर चालणारं यंत्र सरळ भिंतीतल्या प्लगला. मोटर दोन मिनिटांत जळाली. वास आला तेव्हा मी खुशीत शीळ घालत होतो.

बाबांच्या धाकानं मी हे लपवलं असं मला स्वतःला सांगायला आवडतं. धाक होताच. पण खरं तर मिजास होती. आदल्याच आठवड्यात ते म्हणाले होते, "तुझ्या हातून एक बल्ब नीट बसायचा नाही, मोटरी काय बांधणार!" ते खरं ठरू द्यायचं नव्हतं. दुकानातल्या भंगारातून टेपरेकॉर्डरची मोटर काढली. दांडा बारीक होता, म्हणून शेजारच्या लेथवाल्याकडून पितळी टोपी करून घेतली. मोजून नव्हे, अंदाजानं. बसली. फिरली. मी तबकडीवर खडूची खूण केली आणि मनगटावरचं घड्याळ बघून फेऱ्या मोजल्या. मिनिटाला तेहतीस आणि वर थोडी हव्यात. पस्तीस भरल्या, वर थोडी.

दोनदा मोजल्या. दोन्हीदा तेच.

टोपी परत लेथवर न्यायची होती. अर्धा मिलिमीटर काढला असता की संपलं. पण लेथवाला सुट्टीवर गेला होता आणि बाबा त्या संध्याकाळी यायचे होते. मी म्हटलं, दोन फेऱ्यांनी काय बिघडतं? पुढच्या आठवड्यात करू. नव्या मोटरीला खोक्याची गरज नव्हती, तर तो आतून तोडून नुसता दिसायला शेजारी ठेवला. त्या मेलेल्या खोक्यावर बाबा पुढे चोवीस वर्षं रोज फडकं मारत होते.

आल्या आल्या बाबांनी रेकॉर्ड लावली. मान तिरकी केली. "आज गडी घाईत दिसतोय," म्हणाले. मग स्वतःच हसले, "प्रवासानं आपलंच डोकं जड झालंय." नंतर पुन्हा कधी बोलले नाहीत. माणसाला सवय होते. आणि पुढचा आठवडा काही उगवला नाही.

तू तेव्हा तेरा वर्षांची. तू गाण्याच्या शाळेच्या प्रवेशपरीक्षेसाठी रेकॉर्डवरचं ते गाणं शिकत होतीस, वरून हळूहळू खाली उतरणारी ती पहिली ओळ. शाळेतून आलीस की दप्तर फेकून प्लेअरपाशी. आठ महिने. रेकॉर्ड वेगानं फिरली की गाणं नुसतं घाईत होत नाही, सूरही वर चढतो. आपल्या प्लेअरवर ते गाणं अर्ध्या सुरानं वर वाजत होतं. तू ते जसं ऐकलंस तसं गळ्यात उतरवलंस. तसूभर इकडे नाही, तिकडे नाही.

आणि मग ती परीक्षा. बाबांना रजा मिळाली नाही, म्हणून तुला घेऊन मी गेलो. लाकडी जमिनीचा हॉल, भिंतीला टेकवलेल्या खुर्च्या, त्यात मी. बाईंनी पियानोवर गाण्याचा पहिला सूर दिला आणि तू तुझ्या सुरात सुरू केलंस. त्यांनी थांबवलं. पुन्हा सूर दिला. तू पुन्हा तुझ्याच सुरात. तिसऱ्यांदा बाई म्हणाल्या, "अगं, ऐक तरी!" तू म्हणालीस, "मी ऐकतेय बाई. रेकॉर्डवर असं नाहीये. ते वर आहे." केवढी धीट होतीस! बाईंनी कपाटातून तीच रेकॉर्ड काढली आणि त्यांच्या प्लेअरवर लावली. रेकॉर्ड पियानोशी जुळली. तुझ्याशी नाही.

तुझा चेहरा मी पाहिला. तू बाईंकडे बघितलं नाहीस. तू प्लेअरकडे बघितलंस. मीही तिकडेच बघत होतो. तीच कंपनी, तोच नंबर, आणि मला त्या क्षणी सगळं कळलं. उठून दोन वाक्यं बोलायची होती. "बाई, आमच्या घरचं यंत्र पुढे पळतं. मी बिघडवलंय." एवढंच. बाईंनी तुला पुन्हा गायला लावलं असतं. जागा तुला मिळाली असती.

बाई म्हणाल्या, "गळा गोड आहे, पण कान खोटा आहे. गाण्याला कान लागतो." मी मूग गिळून बसलो. आणि बाहेर आल्यावर तुझी पट्टेरी पिशवी मी धरली, जणू काही मोठे उपकार.

काल त्याच बाई. वय एक्क्याऐंशी, कानात मशीन. हॉल विकला, मागच्या दोन खोल्या ठेवल्यात. मी म्हटलं, जुन्या प्लेअरची मोटर विकत हवी होती. त्या म्हणाल्या, "कानच गेले, प्लेअर काय करायचाय. पण कुणासाठी?" मी म्हटलं, बहिणीसाठी. छत्तीस वर्षांपूर्वी तुमच्याकडे परीक्षेला आली होती. नाव सांगायच्या आधीच त्यांनी हात वर केला.

"अर्धा सूर वर गाणारी?"

ठमे, त्यांना तू आठवतेस. हजारो मुलं आली-गेली असतील. मला म्हणाल्या, "खोट्या कानाचं मूल दर खेपेला निराळ्या ठिकाणी चुकतं. ती तिन्ही खेपेला एकाच ठिकाणी चुकली. त्या वेळी माझ्या ध्यानात आलं नाही. मुलगी हट्टी आहे असं वाटलं. पुढे चार-सहा वर्षांनी एकदा जेवताना घास हातात राहिला. तीनदा, एकाच ठिकाणी? असा कान मला आयुष्यात पुन्हा मिळाला नाही. तुमचा पत्ता शोधला, पण परीक्षेचे कागद कधीच गेले होते. ती गाते ना?"

मी सांगितलं. सगळं. मशीन कानात नीट बसत नव्हतं म्हणून मोठ्यानं सांगावं लागलं, शेजारच्यांनीही ऐकलं असेल. मी बाईंना म्हटलं, ती गात नाही. मुलीला झोपवताना अंगाई म्हणाली नाही. वाढदिवसाला सगळे गातात तेव्हा ती नुसते ओठ हलवते.

बाईंनी मशीन कानात नीट दाबून बसवलं. मग म्हणाल्या, "आपण दोघांनी मिळून केलं म्हणायचं. पण मला माहीत नव्हतं." आणि प्लेअर कुठल्या खोलीत आहे ते दाखवलं. पैसे घेतले नाहीत. मी मोटर काढत असताना पाठीमागे उभ्या होत्या.

दादा


१८ मार्च

ठमे,

पार्सल आज निघतंय. आधीचं पत्र तू वाचलं असशील किंवा फाडलं असशील. हे पेटीच्या झाकणात चिकटवतोय, म्हणजे झाकण उघडल्याशिवाय फेकता येणार नाही.

मूळ मोटर मिळाली तेव्हा माझ्या मनात काय आलं तेही सांगतो, आता लपवून काय करू. मनात आलं, बसवून टाकावी. खोका पुन्हा जोडावा. बाबांनी घेतला तसा प्लेअर तयार. तू लावशील, पट्ट्या जागच्या जागी उभ्या राहतील, आणि माझ्या उद्योगाचा पुरावा जगात कुठे उरणार नाही. पत्रातलं काय, म्हातारा बरळला म्हणता येतं. काकांकडे नेऊन बसवलीही. ते म्हणाले, "आता कसं, यंत्र खरं बोलायला लागलं!" रेकॉर्ड लावली. छत्तीस वर्षांनी ते गाणं मी सावकाश ऐकलं. ते पुरं ऐकवलं नाही. मी काकांना म्हटलं, काढा ती. जुनी परत लावा.

त्यांना वाटलं माझं डोकं फिरलं. लावली पण.

तेव्हा नीट वाच. पेटीत जुनी मोटरच आहे, माझी पस्तीसवाली. दहा मिनिटं दम धरते, तेवढी पुरे. खोका लावू नकोस, सरळ भिंतीतल्या प्लगला. बाईंची मोटर निळ्या फडक्यात वेगळी बांधलीय, खोकाही आतून जोडून दिलाय. तो नंतर लागेल.

आधी प्लेअर लावू नकोस. घरात कुणी नसेल तेव्हा, किंवा मुलगी असेल तेव्हा, तू ठरव, ती पहिली ओळ तोंडानं म्हण. छत्तीस वर्षं म्हटली नाहीस तरी म्हण. जिथे सापडेल तिथून. मग सुई ठेव.

मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. पण मोटरीतलं कळतं, आणि तीनदा एकाच जागी येणारी गोष्ट कधी बिघडलेली नसते. जुळेल.

त्यानंतर मोटर बदला. चार स्क्रू आहेत, भाचीला जमेल. पट्ट्यांचा कागद पाकिटात आहे. बाईंनी तुझ्यासाठी एक चिठ्ठी दिलीय, तीही आहे. मी उघडली नाही.

एक राहिलं. त्याच्यासाठीच इतकं लांबण लावलं.

परीक्षेहून परतताना आपण चालत आलो. बस सोडून दिली, तू म्हणालीस चालू या. पुलाखालून जाताना तू थांबलीस आणि माझी बाही धरून विचारलंस, "दादा, आपल्या घरी ते असं वाजत नाही ना? आपल्या घरी वर वाजतं ना?"

तू ओळखलं होतंस. तेरा वर्षांची पोर, सगळं जग चूक म्हणत असताना, तुला बरोबर ठाऊक होतं. फक्त एका माणसानं हो म्हणायला हवं होतं.

मी म्हणालो, "सारखंच वाजतं. चल."

तू बाही सोडलीस. त्यानंतर तू मला कधी काही विचारलं नाहीस.

मोटर जळाली तो गाढवपणा होता. हॉलमध्ये गप्प बसलो तो भित्रेपणा होता. बाबांच्या दहाव्याला बोललो ती नीचता. पण तुझं गाणं मी त्या पुलाखाली मारलं, दोन शब्दांत, आणि नंतर तुला घरी नेऊन बाबांना सांगितलं, "तिला सूर सापडला नाही."

माफ कर असं लिहीत नाही. तेवढा कोडगा मी अजून झालेलो नाही.

दादा


९ एप्रिल

ठमे,

तुझं कार्ड आलं. ह्या वेळी रद्दीत टाकलं नाही. दारातच उभं राहून वाचलं. पोस्टमननं विचारलं, "काका, बरं आहे ना?"

‘जुळलं. मुलीनं मोटर बदलली. ती म्हणते, आई, तू गातेस? तिला अजून काही सांगितलेलं नाही. मला लिहू नकोस. मी लिहीन तेव्हा लिही.’

‘जुळलं’च्या खाली तू रेघ मारली आहेस. पेन इतकं दाबलंस की कागद फाटलाय.

वहिनीनं कार्ड वाचलं आणि डोळे पुसत आत गेली. बाहेर येऊन म्हणाली, "मी लिहीन तेव्हा म्हणजे ती लिहिणार आहे." तिचा आशावाद दांडगा. मला तेवढं म्हणायचा हक्क नाही.

हे पत्र पाठवणार नाही. तू सांगितलंस ते ऐकायचं, निदान आता तरी. तुझ्या कार्डाखाली ठेवतो. दुकानात एक पंप आलाय, फार आवाज करतो, तो उघडायला बसलो होतो. पण कारागीर म्हणाले, मालक, आज तुम्ही सारखी एकच ओळ गुणगुणताय, आणि तीही बेसूर.

मी म्हटलं, हो. आमच्या घरात कान एकीलाच होता.

दादा